तनयाची डाव्या हाताची रायफल

यशोधन,

तनयाला घेऊन मी तू रायफल घेतलीस त्या गाझियाबादच्या दुकानात जाते आहे. रायफल पेटीसकट नेली आहे, शोधत बसू नकोस. पोळ्या डब्यात आहेत, वरण गरम करून घे.

तुमची पोरगी डावखुरी आहे, तिला डाव्या हाताचीच रायफल घ्या, असं नेमबाजीच्या कोचनी तुला माझ्यासमोर सांगितलं होतं. तू ‘बिल्कुल, सर’ म्हणालास आणि उजव्या हाताची घेऊन आलास. का, तर पुढे उन्मेषलाही चालेल. तिचा भाऊ अजून दूध बाटलीनं पितो.

काल ती मान वाकडी करून नेम धरत होती, गाल नीट टेकतच नव्हता. सगळे छर्रे बाहेर गेले. तू हसून म्हणालास, ‘‘चलो, हौस फिटली.’’ ती जेवली नाही, हे तुला कळलंही नाही.

माझ्या लहानपणी घरात पाटी होती, पण ती तुझ्या मामासाठी. म्हणून ही चिठ्ठी लिहायला मला म्हातारपण लागलं.

दुकानदार बदलून देईल, पण आधी तुला फोन करेल. हो म्हण. नाही म्हणायचं असेल तर त्याला सांगू नकोस, तिला सांग. ती शेजारीच उभी असेल.

आई