न ठेवलेला झोळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

आले एकदाची. घर छान आहे, आणि हे मी सहसा कशाला म्हणत नाही. तीन खोल्या, नवा रंग. डावी भिंत शेजारच्या बंद घराला चिकटलेली, बाकी तिन्ही बाजूंनी उजेड. दारं-खिडक्या बाहेर उघडतात, आतली जागा अडत नाही. ज्याने नकाशा काढला त्याला अक्कल होती. एकतीस वर्षं आरेखक म्हणून नोकरी केली, त्यामुळे सामान उतरवायच्या आधी भिंती ओळंब्यात आहेत का ते पाहिलं. आहेत.

घर मुलाने घेऊन दिलं. सूनबाईंचं म्हणणं, आईंच्या शिस्तीत श्वास कोंडतो. कोंडो. आता पेला जिथे ठेवीन तिथेच राहील. निघताना मुलगा घड्याळाकडे बघत म्हणाला, की सोळा तारखेला, रविवारी, जेवायला येईन. कॅलेंडरात त्या तारखेभोवती मी पेन्सिलीने चौकोन काढला. पट्टी लावून.

मोबाईलला घरात रेंज नाही. कोपऱ्यावरच्या बंद लाँड्रीपर्यंत चालत गेलं की मिळते. उद्या इंटरनेटची वायर येणार. मुलाने एक बोलका डबा ठेवला आहे, त्यातून फोन येतो म्हणे, कानाला काही लावावं लागत नाही.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

वायरमन दहाचा साडेअकराला उगवला आणि आल्या आल्या मावशी म्हणाला. मॅडम म्हणा, असं सांगितलं.

नव्या रंगाच्या भिंतींना मी आतून भोकं पाडू देणार नव्हते, म्हणून वायर बाहेरून फिरवायची ठरली. खांबावरून पुढच्या दाराच्या डोक्यावर, तिथून उजव्या भिंतीने खिडक्यांवरून, मग मागच्या दारावरून माझ्या खोलीच्या भिंतीत. हातभर अंतराने एकेक क्लिप. मी खाली शिडी धरून उभी होते. रेष जराही ढळली की सांगत होते. चारदा क्लिपा उपटायला लावल्या. असा साहेब भेटला असता तर आपण केव्हाच धंदा बदलला असता, असं तो शिडीवर पुटपुटला. मला ऐकू जावं इतपत मोठ्याने.

भांडण झालं ते शेवटी. भोकाशी आल्यावर त्याने वायर वीतभर खाली लोंबती सोडली, मग वर वळवून भोकात घातली. हे काय गबाळं, म्हटलं. तो म्हणाला, झोळ ठेवावाच लागतो. वायरीवरून काय काय चालत येतं, मॅडम. पाणी येतं, मुंग्या येतात, आणखी काय काय. झोळाच्या तळाशी पोचलं की गळून पडतं, घरात शिरत नाही. मी म्हटलं, पावसाला चार महिने आहेत आणि माझ्या भिंतीवर लोंबतं काही चालणार नाही. ओढा. त्याने ओढली. तुमचं घर, तुमची वायर, म्हणाला, आणि समोर ठेवलेला चहा न घेता गेला.

वायर आता पट्टीने ओढल्यासारखी दिसते. संध्याकाळी दोनदा बाहेर जाऊन पाहिली.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

चार वाजता डब्याचा दिवा लागला. मुलगा! जेवलीस का, गुडघा कसा आहे, औषध आहे का संपलं. वीस मिनिटं बोलला. एरवी तो माझ्याशी बोलतो ते तार पाठवल्यासारखं, शब्द मोजून. दूर राहिल्यावर माणसाला किंमत कळते, ती अशी.

शनिवार, ८ फेब्रुवारी

रोज चारला फोन येतो. आज त्याने शाईचा विषय काढला. तो नऊ वर्षांचा असताना माझ्या नकाशावर त्याच्या हातून शाईची बाटली सांडली होती. तीन दिवसांचं काम गेलं. मी आठ दिवस त्याच्याशी बोलले नाही. तो दाराशी येऊन उभा राहायचा, मी मान वर करत नसे. नंतर हे आम्ही कधीच बोललो नाही. आज तो म्हणाला, ते आठ दिवस मी विसरलो, आई, तूही विसर.

मला रडू आलं. लिहून ठेवते, कारण पुन्हा यायचं नाही.

भोकाखाली डाळीएवढा ओला डाग दिसला. टिपकागद लावला.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डाग तळहाताएवढा. टिपकागद भिजून लगदा झाला. छत कोरडं आहे, नळाची लाइन या भिंतीत नाही, मी नकाशा तपासला. बाहेर पुढच्या दाराखाली सात क्लिपा ओळीने पडल्या होत्या. वायर मात्र लोंबत नाही. ताठ आहे, फक्त वीतभर खाली आली आहे. मागच्या दारावरही. वायरमनला कोपऱ्यावरून फोन केला. त्याने एकच विचारलं, झोळ केलात का? मी फोन ठेवला.

बुधवार, १२ फेब्रुवारी

सकाळी लाँड्रीपाशी जाऊन मुलाला फोन केला, रविवारी किती वाजता येणार ते विचारायला. तो मीटिंगमध्ये होता, तुटक बोलला. म्हटलं, रोज फोन करतोस, बरं वाटतं.

तो म्हणाला, मी कुठे करतो? रोज चारला तूच तर करतेस.

मग आवाज खाली आणून म्हणाला, की तू किती बदललीस गं. काल दहा मिनिटं हसत होतीस. आणि शाईबद्दल माझं चुकलं म्हणालीस, ते ऐकून मी गाडी बाजूला घेऊन बसून राहिलो.

मी आयुष्यात सलग दहा मिनिटं हसलेली नाही. आणि ते दोन शब्द मी कधीच, कुणालाही—

ती मी नव्हे, असं सांगितलं. तो हसला. चेष्टाही करायला लागलीस, म्हणाला.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

चारला दिवा लागला. मी बोलले नाही. डबा बोलला. आधी तो, मग मी. माझाच आवाज, पण मऊ, लोण्यासारखा. त्याला बाळा म्हणाली. मी त्याला कधी बाळा म्हटलेलं नाही. रविवारची धावपळ करू नकोस, म्हणाली. मी ओरडले. त्या दोघांच्या बोलण्यात खंड पडला नाही.

डब्यातली पिन उपटली. दिवा गेला.

बोलणं चालूच. भिंतीतून. ओल्या डागातून.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

बाहेर जाऊन झोळ करायला वायर खाली ओढली. केसभर हलेना. दोरीसारखी ताणलेली, आणि कोमट.

लाँड्रीपाशी गेले. मुलाला झाडलं. रविवारी यायचं म्हणजे यायचं, आणि त्या डब्यातल्या बाईशी एक शब्द बोललास तर याद राख, असं सांगितलं. माझ्या नेहमीच्या आवाजात.

त्याने विचारलं, कोण बोलतंय? म्हटलं, तुझी आई.

तो म्हणाला, माझी आई अशी बोलत नाही.

अडतीस वर्षं मी असंच बोलले. आठ दिवसांत पुसलं गेलं.

नंतर फोन लागलाच नाही.

शनिवार, १५ फेब्रुवारी

पुढचं दार बोटभर उघडतं. वायर छातीच्या उंचीवर, आडवी. मागच्या दाराला गुडघ्याच्या. खिडक्यांची झडपं तिने बाहेरून दाबून धरली आहेत. काल नेलेली पक्कड बाहेरच राहिली, शिडीजवळ. फटीतून सुरी घातली, वायर थोडी कापली— आतून तांबं नाही, पाणी आलं. कोमट. शेजारचं घर बंद. हाका मारून घसा—

आवाज गेला. बसला नव्हे. गेला.

रविवार, १६ फेब्रुवारी

बारा वाजता गाडी थांबली. आला. नको म्हटल्यावरही आला, माझा—

दाराबाहेरून, वायरीतून, ती बोलते आहे. जेवायला काही केलं नाही रे बाळा, अंगात जरा कणकण आहे, तू आत नको येऊस, तुला बाधेल. तो म्हणतो, आई, तुझा आवाज ऐकला, पुष्कळ झालं. हसतो आहे. लहान असताना हसायचा तसा.

दार वाजवते आहे. ओल्या लाकडाचा आवाज होत नाही.

हे पान फाडून फटीतून सरकवते. अक्षर ओळखेल तो. माझं अक्षर—

बाळा

हा शब्द तिचा. खोडला.

ऐक. अक्षर बघ. ही मी. तुझी आई माझं चुकलं म्हणत नाही, यावरून ओळख. दार ओढ. पक्कड शिडीपाशी आहे. गाडी सुरू करू नकोस, थांब, शाई फुटते आहे, कागद खालून भिजतो— शाई सांडली तेव्हा तू दाराशी उभा होतास आणि मी तुला आत घेतलं नाही, ते माझं