सुपर ग्रेडचा रस्सा

१ जानेवारी २०२५, बुधवार. सकाळ.

नवीन वर्ष. संकल्प तीन. एक, रोज फिरायला जाणे. दोन, न मागता कोणालाही सल्ला न देणे. तीन, यवतमाळातल्या खानावळी, टपऱ्या, नाश्त्याची दुकानं यांचं रीतसर ग्रेडिंग करून एक गाईड तयार करणे.

पहिले दोन उद्यापासून. आज धुकं आहे.

तिसऱ्यासाठी माझ्याइतका लायक माणूस जिल्ह्यात नाही. सगळी नोकरी कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर म्हणून काढली. गाडीत हात घातला की बोटांना कळायचं, धागा कसा आहे, ओल किती आहे, वर चांगला पसरून खाली कवडी कापूस दडवलाय का. मारेगावचे शेतकरी म्हणायचे, बबनरावच्या बोटाइले डोळे आहेत. जी बोटं, तीच जीभ. ग्रेड तीनच ठेवणार: सुपर, एफएक्यू म्हणजे साधारण, आणि कवडी.

४ जानेवारी, शनिवार.

टीम ठरली. देवीलाल राठोड, एसटीतला रिटायर्ड कंडक्टर, आमच्याच गल्लीतला. बापूजी, शाळेतले रिटायर्ड क्लार्क, शुगर आहे पण बशीसमोर ते विसरतात. दर शनिवारी एक नवीन ठिकाण. दोघं विचारताक्षणी तयार झाले. बिचाऱ्यांना घरी करमत नसावं. मित्रांसाठी एवढं तर केलंच पाहिजे.

आज दत्त चौकाकडे तर्री-पोहे. तर्री म्हणजे नुसतं लाल तेल. कवडी. मालकाला दोन गोष्टी समजावून सांगितल्या. (संकल्प दोन: मी गिऱ्हाईक आहे तिथे लागू नाही.)

७ जानेवारी. दुपार.

स्वयंपाकघरात गॅसशेजारी एक प्लास्टिकचा स्टूल आहे. आज पुन्हा त्याला अंगठा लागला. बायकोने, उज्ज्वलाने, तो तिथे कायले आणून ठेवला होता कोण जाणे. वरच्या फळीवरचे डबे काढायला असेल. गॅलरीत नेऊन टाकला.

जेवण: दूध-पोळी. पोळ्या बाई करून जाते. मी मुद्दामच हलकं जेवतो. जीभ स्वच्छ राहिली पाहिजे.

११ जानेवारी, शनिवार.

मेथड ठरवली. प्रत्येक ठिकाणी एकच पदार्थ मागवायचा, म्हणजे तुलना नीट होते. पातोडी रस्सा. बेसन घोटून थाळीत थापलं, वड्या पाडल्या, रश्शात सोडल्या की झालं असं लोकांना वाटतं. तसं नाही. रश्शाला शेवटी एक किंचित कडसर चव यायला हवी. उज्ज्वलाच्या रश्शाला यायची. घास गिळल्यावर यायची आणि मग दुसरा घास घ्यावासा वाटायचा. माझा अंदाज, ती भाजलेली जवस वाटून घालायची. माहेर घाटंजीकडचं, तिकडची रीत असणार. विचारायचं राहून गेलं.

आज धामणगाव रोड. कडसर चव नाही. एफएक्यूसुद्धा देववेना.

बापूजी म्हणाले, बबनराव, मले आलूबोंडा मागवू द्या ना, मागच्या आठोड्यापासून पाहून राह्यलो. परवानगी दिली. गाईडमध्ये मोजणार नाही.

१५ जानेवारी.

काल संक्रांत. देवीलालच्या बायकोने, चंदाबाईने, तिळाचे लाडू आणि भाजी-भाकर पाठवली. म्हणे जास्तीचं झालं होतं. या बाईचा अंदाज नेहमीच चुकतो, गेल्या आठवड्यातही दोनदा जास्तीचं झालं होतं. देवीलालला यावर बोललं पाहिजे.

१९ जानेवारी, रविवार.

पुण्याहून सुरभीचा फोन. पोरगी म्हणते, बाबा, इकडे या, एकटे काय करता. मी म्हटलं, इथे माझ्यावर दोन माणसं अवलंबून आहेत आणि गाईड अर्धवट आहे.

मग तिने पुन्हा तो विषय काढला. आईला धाप लागायची ते तुम्हाला दिसलं कसं नाही, नागपूरला वेळेवर दाखवलं असतं तर. मी तिला शांतपणे सांगितलं, जे सगळ्यांना सांगतो तेच: तुझी आई शेवटच्या आठवड्यापर्यंत पातोडी थापत होती. हृदयाची आजारी बाई बेसन घोटते का? साडेबाराला मी वाचनालयातून यायचो तेव्हा पान वाढलेलं असायचं, वर वाफ. एक दिवस चुकला नाही. आजार अचानक आला. श्रावणात गेली ती अचानकच गेली. डॉक्टर काहीही म्हणोत.

सुरभी गप्प बसली. पटलं असावं.

२५ जानेवारी, शनिवार.

आर्णी नाका. रस्सा पातळ, पातोडी कच्ची. कवडी. देवीलालने दोन वाट्या संपवल्या आणि चांगला आहे म्हणाला. या माणसाला चवच नाही. पूर्वीपासून नाही. सकाळी आम्ही सगळे वाचनालयात बसायचो तेव्हाही हा अकराच्या पुढे कधी टिकला नाही, स्कूटर काढून कुठेतरी निघून जायचा. वाचनाचीही आवड नाही.

वाघापूर नाक्यावर भागीरथाबाई नावाच्या बाईची खानावळ आहे, तिथला पातोडी रस्सा नामी आहे असं शेजारच्या टेबलावरचा एक जण सांगत होता. मी म्हटलं, पुढचा शनिवार तिथे. देवीलाल लगेच म्हणाला, ते बंद राह्यते शनिवारी. बापूजी म्हणाले, अन् बसाले जागा नाही तिथं.

१ फेब्रुवारी, शनिवार.

पुन्हा वाघापूरचं नाव काढलं. देवीलाल म्हणाला, बाईची तब्येत बरी नाही. बापूजी म्हणाले, बाई गावाले गेली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. तब्येत बरी नसलेली बाई गावाला गेलेली असू शकते, पण ज्या तऱ्हेने पाहिलं त्यात पाणी मुरतंय.

लोहाऱ्याला पातोडी नव्हती, झुणका-भाकर खाल्ली. विशेष नाही.

१० फेब्रुवारी. दुपार.

संशय खरा. वाघापूरकडून येताना त्या खानावळीसमोर देवीलालची स्कूटर. आणि तो स्वतः ओट्यावर उभा राहून एका बाईशी बोलतोय, आवाज खाली, हात जोडल्यासारखे. बाई पन्नाशीची, कपाळावर मोठं कुंकू.

मी झाडामागे थांबलो. ग्रेडरला निरीक्षण करावं लागतं.

म्हणजे हे असं आहे तर. साठी उलटल्यावर! बिचारी चंदाबाई तिकडे जास्तीच्या भाकरी थापत बसली आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार.

देवीलालला बाजूला घेऊन समजावलं. संकल्प दोन मोडला, पण घर वाचवायचं तर सल्ला द्यावाच लागतो. म्हटलं, भाऊ, घरची बाई ती घरची बाई. तिच्या हाताला जी चव असते ती बाहेर मिळत नाही. मला विचार. मी जन्मभर दुसऱ्याच्या हाताचं खाल्लं नाही, पुढ्यात आलं तरी वासावरून ओळखायचो.

आधी तो हसला. मग हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते हसण्याचं नव्हतं. म्हणाला, बबनराव, तुमी त्या खानावळीत नोका जाऊ, माह्यासाठी नोका जाऊ.

एवढा गुंतला आहे. वाईट वाटलं.

२२ फेब्रुवारी, शनिवार.

आज कुठेच गेलो नाही. भूक नव्हती. दोघं घरी आले, बसले, चिवडा खाऊन गेले. बापूजी म्हणाले, वजन उतरलं तुमचं. मी म्हटलं, संकल्प एकचा परिणाम. (फिरणं अजून सुरू व्हायचं आहे.)

खरं सांगायचं तर आता मला गाईडशी काही घेणं नाही. मला तो रस्सा एकदा हवा आहे. इतकी ठिकाणं झाली, एकाही घासात ती भेटली नाही. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार. दुपार.

एकटाच गेलो. वाघापूर. भागीरथाबाईची खानावळ. पातोडी रस्सा.

कडसर चव आहे.

तीच. अगदी तीच. पहिल्याच घासाला हात थांबला. ताटावर रडणारा माणूस बरा दिसत नाही म्हणून तिखट लागल्याचं दाखवलं. तीन वाट्या घेतल्या. ग्रेड: सुपर. सुपरच्या वर काही असतं तर तेही.

घाटंजीकडची असणार बाई. जवस. मी म्हटलंच होतं.

त्याच दिवशी, संध्याकाळ.

दुपारी सगळं लिहिलं नाही.

जेवण झाल्यावर मी भागीरथाबाईला, म्हणजे त्या मोठ्या कुंकवाच्या बाईलाच, विचारलं, जवस किती घालता. ती मला ओळखत नव्हती, मी तिथे कधी गेलोच नव्हतो. ती म्हणाली, जवस? जवस नाही घालत जी. मी म्हटलं, मग ती कडसर चव? ती हसायला लागली. म्हणाली, मोठ्या गंजात करा लागते ना, तिखट-खोबरं रोजच खाली लागते थोडं. कितीही हालवा. लोक नावं ठेवतात, तुमालेच गोड लागलं.

मग म्हणाली, अजून एका ताईले आवडे. त्या ताईच्या घरी दोन वर्स डबा जाये आमचा. ताईले उभं राहावत नव्हतं, छातीचं दुखणं. भात तेवढा घरी लावे म्हणे, स्टूलवर बसून. एक कंडक्टर भाऊ साडेअकराले स्कूटरवर येऊन घेऊन जाये. ताई फोनवर सांगे, मीठ कमी टाक, मी घरी फोडणी देऊन माझ्या गंजात काढते. मालकाची जीभ लय तेज आहे म्हणे, बाहेरचं समजलं त पानावरून उठून जातीन. मी म्हनो, ताई, सांगून टाका ना. त म्हणे, कशाले, ते रोज खाऊन खूश होतात, तेवढंच राहू दे.

भागीरथाबाईने पदराने तोंड पुसलं. म्हणाली, श्रावणात गेली ते ताई. तिच्या मालकाले अजूनही माहीत नाही म्हणते. ते कंडक्टर भाऊ या महिन्यातच येऊन गेलते, म्हणे ताईचे मालक आले त काही बोलू नोको. आता मी त्याइले पाह्यलं बी नाही, मले कसं समजन?

मी म्हटलं, खरं आहे.

तिने विचारलं, अजून रस्सा देऊ? मी नको म्हटलं.

२८ फेब्रुवारी.

फिरायला गेलो नाही.

१ मार्च, शनिवार.

दोघं आले. मी देवीलालला सरळ विचारलं. तो चपलेकडे पाहत म्हणाला, वहिनीनं पोराची शपथ घातली होती, काय करू.

मी म्हटलं, मी काही पानावरून उठलो नसतो. एकदा उठलो होतो, पण ते फार जुनं, आणि ते वरण खरंच बाहेरचं होतं. आणि माणूस ताटात वाढलेलं बघणार की चुलीपर्यंत जाऊन बघणार? तुम्हीच सांगा. चव तीच, गंज तिचा, फोडणी तिची, वाढणारी ती. असं असताना कोणाच्या लक्षात येईल?

तेव्हा देवीलाल म्हणाला, आमाले समजत होतं ना, बबनराव. गेटापासून दारालोक याले वहिनी दोन डाव थांबे. सगळ्या गल्लीले दिसत होतं.

चहा झाला नाही. बापूजी उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तसेच निघून गेले.

२ मार्च, रविवार.

सुरभीला फोन लावला. तिने उचलल्यावर काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. विचारलं, पुण्यात पातोडी मिळते का. ती म्हणाली, बाबा, बरे आहात ना? मी म्हटलं, आईच्या तब्येतीबद्दल तू म्हणत होतीस ते. मग रेंज नाही असं सांगून फोन ठेवला. रेंज होती.

८ मार्च, शनिवार. दुपार.

देवीलालला सांगून भागीरथाबाईचा डबा मागवला. त्याने साडेअकराला आणून दिला, सवयीने मागच्या दाराने. मग ओशाळला. मी म्हटलं, ये, आत ये.

गॅलरीतून स्टूल आणला. गॅसशेजारी होता तिथेच ठेवला. त्यावर बसून पाहिलं. बसल्या बसल्या गॅसचं बटण, मिठाचा डबा, फोडणीची पळी, सगळ्याला हात पुरतो. फळीवरच्या डब्यांना पुरत नाही. तिथे नुसते डबे आहेत, त्यांवर धूळ.

तिच्या गंजात रस्सा काढला. वरून फोडणी दिली, मोहरी उडून हाताला लागली. एवढ्याशा कामात मला दोनदा थांबावं लागलं, आणि माझी छाती धडधाकट आहे.

पानं मीच वाढली, वर वाफ होती. पहिला घास घेतला आणि देवीलाल माझ्या तोंडाकडे पाहत राहिला, मी काय ग्रेड देतो म्हणून.

मी त्याला म्हटलं, जेव, निवून राहिलं.