सगळ्यांचे आवाज, तुझा सोडून

प्रिय अक्का,

तुझा आल्बम काल बाहेर आला. ज्यांचे ज्यांचे आवाज त्यात आहेत, त्या सगळ्यांना तुझ्या मैत्रिणीने, रेश्माने, फोन करून कळवलं. शेवटी मला म्हणाली, "एकीला कळवायचं राहिलंय रे, ते तू कर." म्हणून हे पत्र.

रडत वगैरे लिहीत नाहीये, गैरसमज नको. जेवण झालंय, माझं मेडिकल दुपारचं बंद आहे, आणि धुळ्यात या वेळी कुणी औषध मागायलाही घराबाहेर पडत नाही.

आल्बममध्ये एकही वाद्य नाही, हे आता पेपरवाल्यांना फार अपूर्वाईचं वाटतंय. आपल्या घरात ते कसं झालं होतं, आठवतं ना? बँडमास्तरची मुलगी, जिच्या खाटेखाली ट्रम्पेट आणि खुळखुळे पडलेले असायचे, ती म्हणते, मी नुसत्या माणसांच्या आवाजाची गाणी करणार! ढोलसुद्धा तोंडाचा!

"वाजा नही, तं गानं कसानं?" आबांनी विचारलं.

"माणसाचं," तू म्हणालीस.

आबा ताटावरून उठले. तू मात्र शांतपणे दुसरी पोळी घेतलीस. मग जळगावला जाऊन रेश्माच्या वडिलांच्या कापड दुकानावरच्या माडीत तुम्ही दोघींनी स्टुडिओ थाटला. भिंतींना तिच्या दुकानातल्याच गाद्या ठोकल्या. पोटापाण्यासाठी रिक्षावर वाजायच्या जाहिराती करायच्या आणि उरलेल्या वेळात लोकांचे आवाज गोळा करत फिरायचं.

काय काय आणलंस ग! चोपड्याला केळीचे घड गाडीत चढवणाऱ्या बायांची हाळी. शिंदखेड्याच्या शाळेतल्या पोरींचं "हजर बाई". एरंडोलच्या मावशीचं हसणं, ते शेवटी खोकल्यात जाणारं. तिसऱ्या गाण्याचा ठेका म्हणजे मावशीचा खोकला आहे, हे सांगितल्याशिवाय कुणाला कळत नाही. मावशी मात्र सगळ्यांना सांगते.

आणि मी? माझ्याकडून तू सकाळभर नुसतं "हं" म्हणवून घेतलंस. रागाने म्हण, पेंगत म्हण, उधारीवाल्या गिऱ्हाइकाला म्हणतोस तसं म्हण. माझा घसा बसला. गाण्यात ते कुठे आहे, अजून मला सापडलेलं नाही.

आबांना तू कधी बोलावलंच नाहीस. तुझ्यामागे रेश्माने मला सांगितलं, की ही सगळी कल्पना तुला आबांवरूनच सुचली होती. बँडच्या पोरांना नवी चाल शिकवताना आबा एकेका वाद्याचा तुकडा तोंडाने म्हणून दाखवतात. क्लॅरोनेट वेगळं, ट्रम्पेट वेगळं, ढोल वेगळा. "आख्खा बँड मी आधी आबांच्या तोंडून ऐकलाय," असं तू तिला म्हणालीस. हे आबांना का नाही सांगितलंस? तेवढं एक वाक्य त्यांना पुरलं असतं. पण तू पडलीस त्यांचीच मुलगी. आधी कुणी बोलायचं, यावर वर्षं घालवायची.

मग कावीळ. डोळे पिवळे दिसत होते, तरी "एवढं शेवटचं गाणं होऊ दे" म्हणत राहिलीस. मी औषधं विकतो अक्का, मला एक फोन करायला काय झालं होतं? दवाखान्यात पोचलो तेव्हा तुझ्या घशात नळी होती. तुझ्या उशाशी मशीन सारखं वाजत होतं, आणि माझ्या मनात आलं, हिच्या नशिबी शेवटी वाद्यच आलं. असं मनात येणं बरं नाही, पण आलं.

तू गेल्यावर ते शेवटचं गाणं अर्धवट होतं. मधे मोठी मोकळी जागा सोडलेली. एक दिवस मी आणि रेश्मा ते पुरं करायला बसलो असताना आबा न सांगता जळगावच्या माडीवर आले. पेटी उघडली, क्लॅरोनेट जोडलं, त्याची पत्ती जिभेने ओली केली. "पोरगीसाठे वाजाडस," म्हणाले.

मी नाही म्हणालो. तुझ्या आल्बममध्ये वाद्य येणार नव्हतं, आबांचंही नाही. ते माझ्याकडे असे बघत राहिले, की मला वाटलं आता ही पेटी माझ्या डोक्यात बसणार.

रेश्मा मधे पडली. "आबा, पोरांना शिकवता तसं म्हणून दाखवा ना. तिला तेच हवं होतं." मग तिने तुझं ते वाक्य त्यांना सांगितलं.

आबांनी क्लॅरोनेट सावकाश सुटं केलं, पेटीत ठेवलं, पेटी लावली. मग उभ्याने, एक हात हवेत धरून, त्यांनी चाल तोंडाने म्हटली. एकदाच. मधे श्वास तुटला, तो रेश्माने तसाच ठेवलाय. झाल्यावर विचारलं, "चहा मिळी का?"

मला वाटलं, संपलं. घरी सगळ्यांना गाणी ऐकवली. आईने पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाली, "बठ्ठास्ना आवाज शेतस. मन्ही पोरना कोठे शे?"

तुझा आवाज कुठेच नव्हता! माझ्या आणि रेश्माच्या लक्षातही आलं नव्हतं. साऱ्या खान्देशाला बोलतं केलंस आणि स्वतः काचेच्या पलीकडे बसलीस. हा कसला न्याय?

रेश्माच्या ओळखीचा एक जण म्हणाला, थोडं बोलणं असलं तरी पुरे, कॉम्प्युटर तिच्या आवाजात हवं ते गाणं गाऊन देईल. रेश्माच्या फोनमधल्या तुझ्या निरोपांवरून त्याने नमुना म्हणून दोन ओळी करूनही पाठवल्या. आवाज तुझाच होता. पण दम न लागता, कुठेही न अडखळता गात होता. आबा म्हणाले, "बंद कर."

मग मी आणि रेश्मा तू रेकॉर्डिंगमधून टाकून दिलेले तुकडे ऐकत बसलो. त्यात होतीस तू. "परत एकदा." "मावशी, पदर माइकला लागतोय." "छान, पण आता खोटं हसू नका." मला ते आल्बममध्ये घालायचं होतं. रेश्मा म्हणाली, "तिने स्वतःच्या हाताने कापलंय ते." बराच वाद झाला. शेवटी मी तिचं ऐकलं. ते तुकडे जोडून आईच्या मोबाइलमध्ये टाकले, बस.

परवा दुपारी आई लसूण सोलत ते ऐकत होती. मधेच तुझा आवाज आला, "पंखा बंद करा ना कुणीतरी, आवाज येतोय." आई उठली, पंखा बंद केला आणि पुन्हा लसूण सोलायला बसली. बाहेर उन्हाचा जाळ होता. आबा घामाने निथळत खुर्चीत बसून राहिले. तुझं बोलणं संपेपर्यंत बटणाला कुणी हात लावला नाही.

तर अक्का, एक शब्द देतो. तुझ्या आवाजात तू जेवढं बोललीस तेवढंच राहील. तू न गायलेलं गाणं तुझ्या तोंडी कुणी घालणार नाही, कितीही गोड असलं तरी. मी असेपर्यंत तरी नाही.

तुझा धाकटा,
बापू