पाठीमागचा उजेड

१९ ऑक्टोबर

माहूरच्या पुढं, डोंगरातल्या या खेड्यात दुपारी पोचलो. आम्हा लातूरकरांना हे डोंगर म्हणजे हिमालयच. एका कॅलेंडरसाठी शरदातल्या सकाळी टिपायच्या आहेत. लग्नसराईआधी थोडे दिवस मोकळे मिळाले. सरजाबाईंच्या घराला लागून खोली मिळाली. पिशव्या टेकवायच्या आत त्या म्हणाल्या, फोटूवाले दादा, डोंगर काय पळून चाललाय का, आधी च्या प्या. बऱ्याच महिन्यांनी मोठ्यानं हसलो.

शिल्पाला हे घर आवडलं असतं. तिला जाऊन येत्या फेब्रुवारीत वर्ष होईल. आमची तनू पहिलीत आहे, लातूरला माझ्या ताईकडं ठेवलीय. आईचा फोटो उशाशी असल्याशिवाय तिला झोप लागत नाही.

२० ऑक्टोबर

अंधारातच कड्यावर चढलो. दरीत धुकं असं साचलेलं, जशी दुधावर साय धरावी. उजाडलं तसे सागाचे शेंडे त्यातून एकेक वर आले. बोटं गारठली तरी मन भरेपर्यंत फोटो काढले. उतरताना सवयीनं मागं वळलो. समोरचा सूर्योदय सगळेच काढतात. खरा उजेड पाठीमागच्या डोंगरावर पडलेला असतो, हे आमच्या धंद्यात फार लवकर कळतं. वळून एक फोटो काढला. फोटोत वरच्या धारेवर एक बाई उभी दिसते. गवत कापायला आली असावी.

सरजाबाईंना दाखवला तर त्यांचा चेहराच उतरला. ज्याच्या घरी वर्षाच्या आत मौत झाली, त्यानं हा कडा उतरताना मागं बघायचं न्हाई, म्हणाल्या. मी हसण्यावारी नेलं.

२१ ऑक्टोबर

आज पुन्हा वळून काढला. बाई धारेच्या बरीच अलीकडं आली आहे. फोटो मोठा करून पाहिला. एका पायावर भार, ओढणीचं टोक दातात.

शिल्पा.

डोळ्यांना तिथं कुणीच दिसलं नव्हतं. खडकावर बसून रडलो. भीती वाटली नाही. उद्याची सकाळ कधी होते असं झालंय.

२२ ऑक्टोबर

आणखी जवळ. कपाळावरची टिकली दिसते.

संध्याकाळी ताईचा फोन. तनूच्या उशाशी असलेल्या फोटोत नुसती बागच उरलीय, म्हणाली. लग्नाच्या अल्बमात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी. तू काही केलंस का रे भाऊ, असं विचारत होती. पोरगी रडून रडून झोपली.

माझा मोबाईल उघडला. शिल्पानं तनूला कडेवर घेतलेले फोटो होते. त्यांत तनू एकटीच आहे, अधांतरी.

२३ ऑक्टोबर

सरजाबाईंनी आज सगळं सांगितलं. ती येती दादा, पण तुमच्या घरातून उठून येती. जितकी इकडं, तितकी तिकडून कमी. त्यांनी स्वतःच्या मालकाला असंच मागं बघून बोलावलं होतं. बाप कसा दिसायचा, असं लेकानं विचारलं, तर आता सांगता येत न्हाई म्हणाल्या. वर जाऊ नका, म्हणून हात जोडले.

गेलो. एकच काढला. पापण्यासुद्धा दिसतात.

२४ ऑक्टोबर

तनूचा फोन. पप्पा, आईचं नाक कसं होतं, मला आठवतच नाही. आत्यालाही आठवत नाही म्हणे. तुम्ही लिहून आणा — सगळं लिहून आणा —

हो म्हणालो.

२५ ऑक्टोबर

कड्यावर. तिला माघारी जा म्हणायला आलो. कॅमेरा दरीत फेकला. धारेकडं पाठ करून बसलोय, वही मांडीवर.

जा म्हणालो. तनूकडं जा. जात नाही — मानेवर गार श्वास — तिच्या केसांच्या तेलाचा वास. रडते आहे.

मागं बघणार नाही. बघितलं तर पुरती इकडं येईल, आणि तनूकडं काहीच —

तनूसाठी लिहितो. तनू, तुझी आई माझ्या खांद्याला लागायची. रंग सावळा. हसताना डावा गाल आधी — का उजवा —

नाक —

काल रात्रीपर्यंत होतं. सगळं होतं. आता नुसती ओढणी आठवते.

ती इथंच आहे. हातभर मागं. एकदाच बघतो. बघून लगेच लिहितो, पोरीला तेवढं तरी —

तनू, तुझ्या आईचे डोळे