आईची निळी चादर आणि माझ्या डावीकडचा गृहस्थ

चि. धाकटीस अनेक आशीर्वाद.

आईची निळ्या पट्ट्यांची चादर कापली गेली आहे, म्हणून हे पत्र. फोनवर सांगितलं असतं, पण तू लगेच रडतेस आणि मला पुढचं वाक्य बोलता येत नाही. कागदावर काय ते रड. बाकी तुझा गुडघा कसा आहे? मेहुण्यांचा खोकला गेला का, की अजून औषधाची बाटली समोर ठेवून नुसते बघत बसतात? सूनबाईला जपा, दिवस भरत आले असतील. (या सगळ्याचं मूळ तीच आहे, तरी जपा म्हणते आहे, हे लक्षात घे.)

बाळाची गोधडी मी शिवायची आणि तिला खालून आईची चादर अख्खी लावायची, असं आपलं ठरलं होतं. चादर हातात देताना तू म्हणालीही होतीस, "ताई, हिला कात्री लावू नकोस हं." जणू मी कात्री घेऊन टपूनच बसले होते! पण मध्येच तुझ्या सूनबाईने माझं नाव त्या 'मुक्त गोधडी' वर्गात घातलं. भेट म्हणून. "मावशी, तुमची गोधडी गणिताच्या वहीसारखी दिसते. जरा मोकळं शिवून बघा ना." जन्मभर सरळ शिवलं, ते आता माझं व्यंग ठरलं.

वर्ग दाताच्या दवाखान्याच्या वर भरतो. खाली ड्रिल सुरू झालं की वर सगळ्यांच्या सुया थांबतात. शिकवणारी बाई (तिला मी 'वाहू द्या' म्हणते, कारण ती दुसरं काही बोलतच नाही) कोणाकडे मोजपट्टी दिसली की काढून कपाटात कुलपात ठेवते. कापडावर गंजके खिळे मांडून, वर व्हिनेगर शिंपडून डाग पाडायला शिकवते. डाग पाडायला! ज्यासाठी आपण मार खाल्ला, त्याची इथे फी घेतात. कडा दुमडायच्या नाहीत, दोरे लोंबू द्यायचे, आणि त्याला 'कापडाचा श्वास' म्हणायचं. एकीने पांघरुणाच्या मधोमध चहाच्या गाळणीची जाळी शिवली होती आणि बाकीच्या माना डोलावत होत्या. अंगावर घेऊन झोपायचं की चहा गाळायचा, हे कोणी विचारलं नाही.

मला राहवलं नाही. दुमडलेली कड कशाला म्हणतात हे या लोकांनी एकदा डोळ्यांनी पाहावं, म्हणून मी आईची चादर नेली आणि टेबलावर पसरली. दाखवायला, फक्त दाखवायला. आता या वर्गाचा असा एक नियम आहे, की टेबलावर ठेवलेलं कापड डावीकडच्या माणसाने ओढून घ्यायचं आणि न विचारता कापायचं. त्याने म्हणे आपला मोह सुटतो. माझ्या डावीकडे गाडी शिकवणारा एक गृहस्थ बसतो. मी पाठ वळवून 'वाहू द्या'ला काटकोन समजावत होते. वळून पाहते, तर त्याने पट्ट्यांमधून नागमोडी कात्री चालवलेली.

"अहो, हे काय केलंत!"

"तुम्हीच ठेवलीत ना ताई टेबलावर? डोंगरातला रस्ता काढलाय बघा."

(गाडीही असाच शिकवत असणार.) त्याला मी जे बोलले ते लिहीत नाही. खालचं ड्रिलसुद्धा थांबलं. मग मी तुकडे गोळा करू लागले. कोपऱ्यातलं ते चौकोनी ठिगळ आठवतं तुला? आई तेच नमुना म्हणून समोर धरून आपले वाकडे टाके उसवायला लावायची. कात्री नेमकी त्यातून गेली होती आणि थर सुटे झाले होते. धाकटे, त्या ठिगळाखाली आणखी एक ठिगळ निघालं. आधीचं. टाके असे वेडेवाकडे, की ते आपण घातले असते तर त्या दिवशी जेवण मिळालं नसतं. आणि हात आईचाच. शेवटची दुहेरी गाठ तिचीच. म्हणजे बाईने आपलं वाकडं शिवण सरळ ठिगळाखाली दडवलं आणि वर आपल्याला उसवायला बसवलं!

मला हसू आलं नाही. राग आला, तो अजून आहे. 'वाहू द्या' माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वाहू द्या." मी तिला हात काढायला सांगितलं.

वळणावळणाने कापलेले तुकडे सरळ जोडता येत नाहीत. हा भूमितीचा दोष आहे, माझा नाही. त्यामुळे गोधडी वाकडी झाली आहे. आतलं ठिगळ मी वर घेतलं आहे, बरोबर मध्यभागी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. आईला शिक्षा म्हणून. चादरीबद्दल रागवायचं असेल तर तिच्यावर रागव.

तुझी,
ताई

ता.क. सूनबाईला गोधडी आवडेल अशी मला भीती वाटते. तिला आवडली तर मला कळवू नकोस.

पुन्हा ता.क. आईचा पांढरा टेबलक्लॉथ तुझ्याकडे आहे, ज्याला तू कोणाला हात लावू देत नाहीस. माझ्या आठवणीप्रमाणे त्याच्याही कोपऱ्यात एक चौकोनी ठिगळ आहे. तो दे. पुढच्या वर्गासाठी मी नाव नोंदवलं आहे आणि जागा तीच हवी, त्या गृहस्थाच्या शेजारची, असं सांगून ठेवलं आहे.

गाडी शिकवणाऱ्या गृहस्थाच्या हाती दिलं: बाळाची गोधडी, उरलेल्या निळ्या चिंध्यांची पुरचुंडी आणि हे पत्र. परतताना त्याच्याच हाती द्यावा: टेबलक्लॉथ, न उसवता.