समितीवरची एकुलती एक जागा

सोमवार, ३ तारीख

भरला अर्ज! 

तक्रार समितीवर पीएचडी करणाऱ्यांची एकच जागा. चार प्राध्यापक आणि आपल्यातलं एक माणूस. कुणी आपल्या गाईडविरुद्ध तक्रार केली तर ती या पाच जणांनी ऐकायची. दोन वर्षं ही जागा रिकामी होती. उभं राहायचं म्हणजे आपल्याच गाईडच्या डोळ्यांवर यायचं, कोण शहाणा जाईल?

मी गेले! धाकटीमुळे. आमच्या लॅबमधली सगळ्यात नवी म्हणून ती धाकटी. पोरीनं दोन वर्षं बुरशीच्या वाढीची मापं घेतली. सुट्टी नाही, आजारपण नाही. पेपर छापून आला तर त्यावर पहिलं नाव सरांच्या, म्हणजे आम्हा दोघींच्या गाईडच्या, भाच्याचं. धाकटी कुठे? शेवटी, आभारांच्या ओळीत. भाच्याला मी लॅबमध्ये एकदाच पाहिलंय, तेव्हा तो एसीचा रिमोट शोधत होता.

परवा ती रडत म्हणाली, "ताई, तू त्या खोलीत बसलेली असशील तर मी तक्रार करीन. त्या चौघांसमोर एकटीनं माझ्याच्यानं नाही होणार."

मी हो म्हणून बसले. 

मंगळवार, ४ तारीख

अर्जावर गाईडची सही लागते. म्हणजे ज्यांना घाबरायचं त्यांच्याकडेच जायचं! दोनदा सरांच्या दारापर्यंत गेले, दोनदा पाणी पिऊन परत आले.

माझा प्रबंध तयार आहे. दोन महिन्यांत सादर करायचा. त्याला सरांचं प्रमाणपत्र लागतं. त्यांनी काही वाईट करायची गरजच नाही. "अजून थोडं काम हवं" एवढंच म्हटलं तरी पाच वर्षं पाण्यात.

उद्या जाते. नक्की.

शुक्रवार, ७ तारीख

'उद्या' आज उजाडला.

सही केली! आणि हसत हसत! "वा, आपल्या लॅबचं माणूस समितीवर हवंच. निवडून ये. मी सांगतो सगळ्यांना." वर चहा मागवला. पाच वर्षांत पहिल्यांदा. मी एक घोट घेतला आणि कप खाली ठेवून दिला.

बोलणी खायची पूर्ण तयारी करून गेले होते. हे हसणं काही पचत नाहीये.

रविवार, ९ तारीख

आईचा फोन. "कुणी सांगितल्यात तुला नसत्या उठाठेवी? आधी पदवी घे, मग कर काय पुढारीपण करायचं ते!" मागून बाबा, "डिपॉझिट जप्त होऊ देऊ नको म्हणावं!"

हसले. फोन ठेवल्यावर बराच वेळ बेसिनचा नळ सोडून तशीच उभी होते.

बुधवार, १२ तारीख

माझ्याविरुद्ध गणित विभागातला एक जण उभा आहे. सगळे त्याला गणितवालाच म्हणतात. तिरसट माणूस. मतं मागायलाही जात नाही. आज जिन्यात आडवा आला.

"तू अर्ज मागे घे."

"का? घाबरलास?"

"समितीची नियमावली वाचलीस का?"

"तूच वाच बसून!" म्हटलं आणि तरातरा निघून आले. आगाऊ कुठला!

दुपारी कळलं, सरांनी स्वतः फोन करून चार विभागांतल्या पोरांना सांगितलंय, आमच्या मुलीला मत द्या. आमच्या मुलीला!  इतकं चांगलं का वागतायत हे?

शुक्रवार, १४ तारीख

३१ विरुद्ध २७. तीन मतं बाद. आले निवडून!!

धाकटीनं अशी मिठी मारली की चष्माच पडला माझा. सरांनी पाठ थोपटली. मला आंघोळ करावीशी वाटली.

सोमवार, १७ तारीख

धाकटीनं तक्रार दिली. मी बरोबर गेले नाही, बरं दिसलं नसतं. परत आली तेव्हा ओठ पांढरे पडले होते, पण हसत होती. "दिली एकदाची! आता तू आहेस."

चार वाजता सर शीळ घालत लॅबमध्ये आले. तक्रारीची प्रत त्यांना दुपारीच गेलेली असणार. तरीही शीळ!

मंगळवार, १८ तारीख

काय करून बसले मी.

सुनावणीची वेळ विचारायला ऑफिसात गेले. कारकूनबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तुम्ही कशाला? नियम नऊ वाचला नाहीत का? तक्रार आपल्याच गाईडविरुद्ध असेल तर सभासदानं बाहेर थांबायचं."

"मग माझ्या जागी विद्यार्थी कोण बसणार?"

"कुणी नाही. जागा एकच ना! चार प्राध्यापक बसतील."

"हे आमच्या सरांना माहीत आहे?"

"अहो, ही नियमावली त्यांनीच तर लिहिली!"

बाकावर बसूनच राहिले. सही, चहा, ते फोन. प्रबंधासाठी चारशे पेपर वाचले मी, आणि ही अकरा पानं वाचली नाहीत! सर बिनघोर होते ते माझ्या जिवावर.

राजीनामा दिला तर जागा दुसऱ्या नंबरला जाते, असं बाईंनी सांगितलं. म्हणजे गणितवाल्याला. गेले त्याच्याकडे, मान खाली घालून.

"जिन्यात हेच सांगत होतो," तो म्हणाला. "ऐकून कुठे घेतलंस?"

"बसशील तू?"

"बसेन. पण एकटीच्या तक्रारीचं काय करतात माहितीये? 'गैरसमज झाला' म्हणून मिटवून टाकतात. त्या लॅबमधलं अजून कुणी आहे का, ज्याच्याबाबतीत असंच झालंय?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत."

खोटं. धडधडीत खोटं. माझा दुसऱ्या वर्षाचा पेपर. माप न् माप माझं, आणि पहिलं नाव सरांच्या बायकोचं. कुणाला सांगितलं नाही. आईला नाही, धाकटीला तर नाहीच. तीन वर्षांत या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं, आज पहिल्यांदा लिहितेय. शरम वाटते, आणि शरमेपेक्षा भीती जास्त. प्रमाणपत्र गेलं की सगळं गेलं. मी भित्री आहे. म्हणूनच तर धाकटीची ही गत झाली. मी तेव्हाच बोलले असते तर भाच्याचं नाव घालायची सरांची हिंमत झाली नसती.

बुधवार, १९ तारीख

राजीनामा दिला. कारकूनबाई म्हणाल्या, "सुटलात!" मी त्यांच्याकडून अजून एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच बसून लिहिला. त्यांनी वाचला, पुन्हा वाचला, शिक्का मारला.

शुक्रवारी सुनावणी. तक्रारदार दोन आहेत.