तिसावं नाव

२६ फेब्रुवारी

मार्चचा फलक लिहायचं काम माझ्याकडे आलं! वाचनालयात लागून चार महिने झाले, पहिलंच मोठं काम. तीनला श्रवण दिन, आठला महिला दिन, एकवीसला कविता दिन, बावीसला जल दिन. मधे काचबिंदू सप्ताह. शिवाय सभागृहात फुलांचं प्रदर्शन आणि सुतार मंडळाचं नाटक. तेराला निद्रा दिन — शिपाईकाका म्हणाले, "तो मी रोज पाळतो."

फलक नेताना दाराची चौकट डाव्या खांद्याला लागली. पुन्हा.

२७ फेब्रुवारी

आईला फलकाचा फोटो दाखवला. तिला वाचता येत नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणालाच येत नव्हतं. एकेक दिवस वाचून दाखवला. "सगळ्यांचा आहे की! इस्त्रीवालीचा नाही?" नाही म्हटलं. "बरंय. त्या दिवशीही हॉटेलच्या चादरी आल्याच असत्या."

बोलता बोलता तिच्या कोपराने पेला सांडला. "धांदरटपणा आपल्या रक्तातच आहे गं." पुसायला उठले तर स्टुलाला अडखळले.

२ मार्च

ग्रंथपाल मॅडमनी बोलावलं. काचबिंदूची तपासणी अकराला, आपल्याच सभागृहात. नेत्रालयाची अट — तीस नावं झाली तरच मशीन पाठवणार. "नावं तू गोळा कर. मशीन आलं नाही तर तुला कायम करा असं मी वर कुठल्या तोंडाने लिहू?" हसत म्हणाल्या. मला हसू आलं नाही.

५ मार्च

तपासणीचं पत्रक लिहून चौथ्यांदा तपासलं. "दुखत नाही, खुपत नाही. कडेचं दिसणं हळूहळू जातं, समोरचं स्वच्छ दिसत राहतं. गेलेली नजर परत येत नाही. उरलेली थेंबांनी वाचवता येते." हे फार घाबरवणारं तर नाही? नेत्रालयाच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. "घाबरवणारं आहे. पण खरं आहे." ठेवलं.

एकोणीस नावं.

९ मार्च

अठ्ठावीस. शिपाईकाका एकोणतिसावे — "मिटलेल्या डोळ्यांत काय बघणार?" तरी सही केली.

मॅडम म्हणाल्या, "तिसावं तुझंच लिही की." आपणच यादी करायची आणि आपलंच नाव घुसवायचं? आणि तेही आकडा भरायला? "अगं, जागा रिकामी आहे!" ते खरं. तरी नाही लिहिलं.

आईचं लिहिलं. आकडा भरायलाच. कबूल.

१० मार्च

आई ऐकेना. "अजून सुईत दोरा ओवते मी! चष्मा नाही की काही नाही." माझ्या नोकरीसाठी चल, म्हटलं. लगेच ठेवणीतले कपडे काढून इस्त्री करायला बसली.

असं म्हणायला नको होतं.

११ मार्च

मशीन म्हणजे आडवा ठेवलेला मोठा पांढरा वाडगा. हनुवटी टेकायची, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं, कडेला कुठे दिवा लुकलुकला की बटण दाबायचं. पडद्याआड आई बसली. बटणाची टकटक बाहेर ऐकू येत होती. मग येईना. मग आईचा आवाज — "बाई, तुमचं मशीन बंद पडलंय."

अख्खी रांग हसली. मीही.

मशीन चालू होतं.

१२ मार्च

दोन्ही डोळ्यांचं कडेचं बरंच गेलंय. थेंब सुरू केले — आजपासून रोज, न चुकता. आई खूश. "बघ! धांदरट नव्हते मी. इतकी वर्षं उगाच बोलणी खाल्ली!" मावशीला फोन करून तेच सांगितलं. दोनदा.

मी तिला कशासाठी नेलं होतं ते कुणाला सांगितलेलं नाही. मॅडमनी मला कायम करायचं पत्र वर पाठवलं. "शाब्बास, बरोब्बर तीस!"

डॉक्टर म्हणाले, रक्ताच्या नात्यातल्यांनी तपासून घ्या. मुलांनी आधी. मुलं म्हणजे मी एकटीच.

१३ मार्च

निद्रा दिन. शिपाईकाकांनी पाळला. मला जमला नाही.

१४ मार्च

नेत्रालयात जाऊन आले. हनुवटी टेकली. ठिपक्यावरून नजर हलू दिली नाही. सुरुवातीला भराभर बटण दाबलं. मग दिवे लागेचनात. बराच वेळ थांबले. उगाच कुणाला दोष नको म्हणून आणखी थोडी थांबले. शेवटी हळूच विचारलं — मशीन बंद पडलंय का?